बेडूक, बर्फ आणि जुन्या टेपा

नमस्कार मंडळी. बाहेर पाऊस असेल तर खिडकी जरा उघडीच राहू द्या, कारण आज सुरुवात बेडकापासून आहे.

साल 1956. हवाई बेटांवरचं होनोलुलू, वायकिकीचा किनारा. हेन्री कायझर नावाच्या बड्या उद्योगपतीचं नवंकोरं हॉटेल, हवाइयन व्हिलेज, आणि त्यात शेल बार. स्टेजच्या बाजूलाच एक छोटंसं तळं. मार्टिन डेनी नावाचा पियानोवाला तिथे रोज रात्री आपली चार जणांची पार्टी घेऊन वाजवायचा. एका रात्री यांनी गाणं सुरू केलं आणि तळ्यातले बेडूक ओरडायला लागले, गाणं संपलं तर बेडूकही गप्प. योगायोग असेल म्हणून परत तेच वाजवलं, तर परत डराव डराव. मग काय, वादकांनाही चेव आला, ऑगी कोलोन वगैरे मंडळींनी गंमत म्हणून पक्ष्यांचे आवाज काढायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक येऊन म्हणतं, ते काल वाजवलं ना, पक्षी आणि बेडूकवालं, तेच होऊन जाऊ द्या.

त्यातून पुढे 'एक्झॉटिका' ही रेकॉर्ड आली 1957 ला, आणि तिच्यातलं 'क्वाएट व्हिलेज', जे मूळचं लेस बॅक्स्टरचं, ते 1959 मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या नंबरपर्यंत गेलं. पण माझं डोकं अडकलं ते भलतीकडेच. त्या रेकॉर्डवर जो बेडूक ऐकू येतो ना, तो बेडूक नाहीच. खाचा पाडलेलं एक पोकळ वाद्य असतं, त्यावर काडी खरवडली की तो आवाज येतो. म्हणजे ज्या बेडकांनी हा सगळा उद्योग सुरू करून दिला ते स्टुडिओत आलेच नाहीत!

तर मंडळी, मला हा नाद लागलाय. जुन्या टिकी बारवाल्यांचे आवाज शोधायचे. नुसती गाणी नाही, माणसांचे आवाज, खोलीचे आवाज. घरच्यांना वाटतं हा दारूचा नाद आहे. आता दारूशी संबंध आहे, नाही म्हणत नाही, पण माझ्या हातात ग्लास चहाचाच असतो.

टिकी बार म्हणजे काय ते पटकन सांगतो. अमेरिकेतली दारूबंदी उठली 5 डिसेंबर 1933 ला, आणि त्याच सुमाराला हॉलिवूडमध्ये एका माणसाने एक छोटासा बार टाकला. माणसाचं खरं नाव अर्नेस्ट गँट, जगभर भटकून आलेला, बारमध्ये पॅसिफिक बेटांवर आल्यासारखं वाटावं म्हणून बांबू, जाळी, नारळ असलं कायकाय लटकवलेलं, आणि रम स्वस्तात मिळायची म्हणून रमवरच सगळा खेळ. बाराचं 'डॉन द बीचकोंबर' हे नाव त्यालाच चिकटलं, शेवटी गड्याने स्वतःचं नावच कायदेशीर बदलून डॉन बीच करून घेतलं. आणि 1934 ला ऑकलंडमध्ये व्हिक्टर बर्जरॉनने हिंकी डिंक्स नावाचं हॉटेल काढलं, तोच पुढे ट्रेडर व्हिक झाला. झॉम्बी हे ड्रिंक डॉनचं, माई ताई व्हिकचं, 1944 चं. डॉनच्या बाजूचे लोक म्हणतात माई ताईसुद्धा आमचीच. हे भांडण अजून चालू आहे, आपण त्यात पडायला नको. रम, आंबट, गोड, मसाला, पाणी असा हिशोब असतो ह्या सगळ्याचा, जुन्या पंचाचाच विस्तार, आणि पंच हा शब्द आपल्या पाचावरून गेला असं म्हणतात, म्हणजे एका अर्थी आपण पंचामृताच्या फार लांब गेलेलो नाही. असो, देवघरातून परत बारमध्ये येऊ.

शोधायला बसलात की पहिली ठेच इथे लागते. तुम्ही कुठल्याही मोठ्या संग्रहाच्या यादीत टिकी बार असं टाकता आणि हाताला काही लागत नाही. का, तर तेव्हा ह्या जागांना कोणी टिकी बार म्हणतच नव्हतं! साउथ सीज म्हणायचे, पॉलिनेशियन, म्हणजे त्या पॅसिफिक बेटांवरचं, रेस्टॉरंट म्हणायचे, आणि ज्याने टेपच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली त्याने त्याच्या काळातला शब्द लिहिला, तुमच्या काळातला कशाला लिहील तो. नावांचाही तोच घोळ. डॉन एका एनवाला, डॉन दोन एनवाला, गँट, बोमाँट गँट, नुसतंच बीचकोंबर. मी तर आता माणसाचं नाव टाकतच नाही आधी, हॉटेलचं टाकतो, बोट कंपनीचं टाकतो, ज्या रेडिओ स्टेशनने कार्यक्रम केला त्याचं टाकतो. माणूस मागच्या दाराने सापडतो.

डॉन बीच तसाच सापडला. युद्धानंतर तो हवाईला गेला होता, कारण घटस्फोटानंतर मेनलँडवरचा धंदा बायकोकडे राहिला, सनी संड तिचं नाव, आणि खरं सांगायचं तर एका बाराचा मोठा व्यवसाय तिनेच केला, डॉन नुसता रंगेल कल्पनांचा माणूस. वायकिकीला त्याने 1957 मध्ये इंटरनॅशनल मार्केट प्लेस उभी केली, तिथल्या वडाच्या झाडावर स्वतःसाठी घर बांधलं, आणि 1989 ला होनोलुलूतच गेला. आता हवाईमध्ये म्हाताऱ्या लोकांच्या मुलाखती टेपवर घेऊन ठेवायचा एक मोठा उपक्रम झाला होता, वाटुमल फाउंडेशनचा. हो, वाटुमल! सिंधमधल्या हैदराबादहून जाऊन होनोलुलूत दुकान चालवणारे गोबिंदराम वाटुमल आणि त्यांची अमेरिकन बायको एलन, ह्यांनी 1942 ला काढलेली संस्था. लग्न हिंदुस्थानी माणसाशी केलं म्हणून त्या बाईंचं अमेरिकन नागरिकत्व गेलं होतं काही वर्षं, तेव्हाचा कायदाच तसला. तर त्या वाटुमल मंडळींच्या मुलाखतींमध्ये डॉन बीच आहे. मी टिकीच्या मागे लागून पार हवाईपर्यंत गेलो आणि दारात भेटलं कोण, तर आपल्या उल्हासनगरच्या बाजारात शोभेल असं आडनाव. रात्री साडेबाराला एकटाच हसलो मी.

त्या मुलाखतीचा टाइप केलेला मजकूर वाचायला मिळतो. वाचायला मजा येते पण मन भरत नाही. कारण हा माणूस थापाड्या होता हो! जन्म कुठे झाला हेसुद्धा कधी टेक्सास कधी न्यू ऑर्लिन्स. असा माणूस वाक्य कुठे तोडतो, कुठे थांबून पुढचं जुळवतो, हे कागदावर कुठून येणार. टाइप करणारी व्यक्ती अं, हं, खोकला, खुर्चीचा आवाज सगळं गाळते, तिचं ते कामच आहे, आणि मला नेमकं तेच गाळलेलं हवं असतं.

ट्रेडर व्हिकचं तर विचारू नका. लहानपणी हाडाच्या क्षयाने त्याचा एक पाय गेलेला, लाकडी पाय होता. गिऱ्हाइकांना सांगायचा शार्कने नेला, आणि बर्फ फोडायचा टोच्या घेऊन खच्चकन स्वतःच्या त्या पायात मारायचा, म्हणजे समोरच्याची दातखीळ बसायची. ही गोष्ट कितीतरी जणांनी लिहिलीये. मला तो खच्च ऐकायचाय.

आता ज्यांनी खरोखर ग्लास भरले त्यांच्याकडे या. डॉनच्या बारमागे उभी असायची ती फिलिपिनो मुलं. रे बुहेन 1934 पासून तिथे, त्याने 1961 ला लॉस एंजेलिसमध्ये टिकी-टी काढला, चिमुकला बार, अजून घरचेच लोक चालवतात. मारियानो लिकुडीन फ्लोरिडाच्या माई-काईमध्ये गेला. डॉन रेसिपी चोरीला जाऊ नये म्हणून बाटल्यांवर नुसते कोड लिहायचा, मसाला नंबर दोन, डॉन्स मिक्स, असं, म्हणजे ड्रिंक बनवणाऱ्यालासुद्धा माहीत नाही आपण काय ओततोय. डिक सँटियागो नावाच्या वेटरने 1937 मध्ये एका छोट्या वहीत हे सगळं उतरवून ठेवलं होतं, शर्टाच्या खिशात मावेल अशी वही, ती पुढे त्याच्या मुलीकडून जेफ बेरी या संशोधकाच्या हाती आली. वहीत झॉम्बी होता, पण त्यातही डॉन्स मिक्स हा कोड तसाच! तो सुटला तो जुन्या बारटेंडरांना गाठून, गप्पा मारून मारून. ग्रेपफ्रूटचा रस आणि दालचिनीचा पाक निघाला. दालचिनी! आपल्या डब्यात पडलेली असते ती.

आणि इथे मला जरा राग येतो. मालकांचे फोटो आहेत, मुलाखती आहेत, मालकांनी एकमेकांवर केलेले आरोपसुद्धा छापलेले आहेत, आणि हात चालवणाऱ्या पोरांपुढे कोणी वेळेवर मायक्रोफोन धरला नाही, ती म्हातारी होईपर्यंत. ज्यांचे देव भिंतीला टांगले त्या पॉलिनेशियन लोकांचं तर कोणी विचारलंच नाही. टिकी म्हणजे त्यांच्याकडे पूर्वजांची, देवतांची कोरीव मूर्ती. आपल्या खंडोबाचा मुखवटा करून कोणी त्यात स्ट्रॉ घातली असती तर आपण काय केलं असतं, जरा विचार करा.

एक झकास गोष्ट राहिली, रेडिओवाल्यांची, म्हणजे आमच्या जातीची. 1935 पासून 1975 पर्यंत, चाळीस वर्षं, वायकिकीच्या मोआना हॉटेलच्या अंगणातून 'हवाई कॉल्स' नावाचा कार्यक्रम व्हायचा, त्यातली बहुतेक वर्षं वेब्ली एडवर्ड्स तो चालवायचा. अंगणात वड, 1904 ला लावलेला, आपल्याकडे वटपौर्णिमेला पुजतो तोच जातीचा वड. सुरुवातीला लोकांना गाण्याबरोबर खरखर ऐकू यायची, लोक समजले लाइन खराब आहे. ती लाट होती! मग निवेदकाने सांगायला सुरुवात केली, मंडळी हा समुद्र आहे, आणि पुढे तर एक माणूस मुद्दाम माइक घेऊन पाण्यापर्यंत पाठवायचे. ह्या कार्यक्रमाच्या डिस्क दुसऱ्या स्टेशनांना पाठवल्या जायच्या, सोळा इंची, घरच्या प्लेअरवर बसतच नाहीत. म्हणूनच कितीतरी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये पडून राहिल्या, वाजवता येत नाही आणि टाकवत नाही.

तसं सापडलं तरी सगळं वाजतंच असं नाही. जुनी अॅसिटेटची टेप सडली की डबा उघडताच व्हिनेगरसारखा भपकारा येतो. सत्तरच्या दशकातल्या काही टेपांवरचा गोंदासारखा थर ओल धरतो, टेप चिकट होते, मशीनवर किंचाळते, मग तिला ओव्हनमध्ये पन्नासेक डिग्रीवर तासन् तास शेकवतात आणि थंड झाल्यावर लगेच कॉपी करून घेतात, कारण नंतर परत चिकटते. लॅकरचा लेप दिलेल्या डिस्कचा तर वरचा थरच पापुद्र्यासारखा सुटतो. माझ्या वडिलांच्या कॅसेटींना पावसाळ्यात पांढरी बुरशी धरायची, आई रुमालाने पुसून उन्हात ठेवायची, आणि एकदा त्यातली एक, आजीचा आवाज असलेली, मीच वरून क्रिकेटची कॉमेंट्री भरून घालवली. दहा वर्षांचा होतो. आजीची दोन वाक्यं राहिलीत शेवटी, कॉमेंट्री संपल्यावर. दूध उतू जातंय का बघ, असं कुणाला तरी सांगतेय.

बरं, वेळ होत आला, तर आता एक रेकॉर्ड लावतो. डेनीच्या पार्टीतला आर्थर लायमन, व्हायब्राफोनवाला, म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य वाजवणारा, तो वेगळा झाला आणि 1958 ला त्याची 'टाबू' आली. कायझरने त्याच हॉटेलात अॅल्युमिनियमचा एक प्रचंड घुमट बांधला होता, तो 1999 ला पाडला, आज तिथे हॉटेलचाच एक टॉवर उभा आहे. लायमनची मंडळी त्यात मध्यरात्रीनंतर रेकॉर्डिंग करायची, गाड्यांचा आणि टूरिस्टांचा गोंगाट नको म्हणून. आणि दिवसभर तापलेला तो पत्रा रात्री गार व्हायला लागला की कुरकुरायचा. आपल्या पत्र्याच्या शेडखाली जे राहिलेत त्यांना सांगायला नको तो आवाज कसा असतो. ती कुरकुर काही ठिकाणी टेपवर आलीये, कोणी पुसली नाही.

तेव्हा फॅन बंद करा दोन मिनिटं, आवाज थोडा वाढवा. गाण्याकडे लक्ष नाही दिलं तरी चालेल.