रक्ताची उलटी आणि भुलीचा प्रश्न

काणकोणहून आलेले असोत की वाळपईहून, रक्ताची उलटी झालेल्या माणसाचे नातेवाईक मला एकच सांगतात : "डॉक्टर, भूल देऊनच काय ते करा, त्याला त्रास नको." ही माया असते, हे मला कळतं. तरी मी लगेच हो का म्हणत नाही, ते आज इथे फोंड्यात सांगायचं आहे.

यकृत आकसून घट्ट झालं, की आतड्याकडून येणारं रक्त त्यातून सहज जात नाही. मी पाहतो त्यांत बहुतेकांचं कारण दारू. तुंबलेलं रक्त आडवाट धरतं आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी शिरा फुगतात. एक फुटली की तांब्याभर रक्त पडतं. त्या शिरांतला दाब उतरवणारं टर्लिप्रेसिनसारखं औषध आणि अँटिबायोटिक लगेच सुरू करायचं, रक्त हिमोग्लोबिन ७-८ राहील इतपतच चढवायचं, कारण जास्त भरलं तर शिरेतला दाबही वाढतो. माणूस सावरला की, इस्पितळात आल्यापासून १२ तासांच्या आत, दुर्बिणीतून त्या शिरेला रबरी कडी लावायची.

आता भूल. पोट रक्ताने भरलेलं आणि घशातून दुर्बीण जाणार. आपल्या गावाच्या वेशीवर राखणदार असतो ना, तसा घशाच्या वेशीवर ठसका असतो. औषधाने तोच झोपला, की वर आलेलं रक्त सरळ फुप्फुसात. शिवाय मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाचा निचरा यकृतच करतं. ते थकलेलं असलं की थोड्या वेळासाठी दिलेली गुंगी तासन् तास उतरत नाही. पोटातल्या रक्तातून होणारा अमोनिया मेंदूला आधीच गुंगवत असतो, त्यात ही भर.

शिकाऊ असताना, गोव्याबाहेरच्या एका इस्पितळात, मीच ही चूक केली. माणूस हात झटकत होता. मला वाटलं घाबरलाय, म्हणून मिडाझोलाम दिलं. तो यकृताच्या आजाराचा भ्रम होता. दुर्बीण आत जाताच उलटी झाली, ठसका आलाच नाही. तीन कड्या नीट लागल्या, रक्त थांबलं, आणि पाचव्या दिवशी तो न्यूमोनियाने गेला.

तेव्हापासून मी आधी रुग्णाला दोन्ही हात पुढे ताणून धरायला सांगतो. पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडतात का, बघतो; ती त्याच भ्रमाची खूण. कोणता सण जवळ आलाय, विचारतो. भर मे महिन्यात एकाने "चवथ" सांगितलं होतं. अशा माणसाला नुसती गुंगी नाही; भूलतज्ज्ञाला बोलवायचं, श्वासनलिकेत नळी घालायची, मगच दुर्बीण. अजून रक्त ओकत असलेल्यालाही तेच. सरसकट सगळ्यांना मात्र नळी नको, तिच्यानेही न्यूमोनिया होऊ शकतो. आणि घातलीच, तर काम झाल्यावर शक्य तितक्या लवकर काढायची.

पूर्ण शुद्धीत असलेल्याला थोडं प्रोपोफॉल हे भुलीचं औषध चालतं. ते लवकर उतरतं, पण रक्तदाब पाडतं, आणि याचा दाब आधीच खाली. म्हणून अगदी बेताने, आणि देणारा माणूस वेगळा. दुर्बीण धरणाऱ्याने भूल सांभाळू नये, यावर मी हटून बसतो.

कित्येकांना तेही लागत नाही. सिस्टर उशाशी उभी असते, एका हातात सक्शन, दुसरा त्याच्या खांद्यावर. "भियेनाका बाबा," ती म्हणत राहते. तो पलंगाचा कठडा घट्ट धरतो. कडी लागल्याचा बारीक आवाज येतो, मग दुसरीचा.

बाहेर बायको उभी असते. तिला मी सांगतो : झोपवलं नाही, त्यांनी सोसलं, आत जा, तुमच्याशी बोलतील.