स्मार्टफोन नसणाऱ्यांसाठी स्टेप काउंटर कसा निवडावा
(ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

डॉक्टरांनी ‘रोज चालत जा’ असे सांगितले की मुले हौसेने आई-वडिलांच्या मनगटावर फिटनेस बँड बांधतात आणि पुष्कळदा तो बँड लवकरच कपाटात जाऊन पडतो. यात आई-वडिलांचा आळस नसतो. बहुतेक बँड फोन गृहीत धरूनच बनवलेले असतात. वेळ लावणे, उंची-वजन भरणे, मागच्या आठवड्याची पावले पाहणे हे सारे फोनमधल्या ॲपवर होते. चार्जिंग पूर्ण उतरून बँड एकदा बंद पडला, की काहींचे घड्याळ पुन्हा फोनशी जोडल्याखेरीज ठिकाणावर येत नाही, आणि घड्याळ चुकले म्हणजे मध्यरात्री शून्यावर यायचा आकडा भर दुपारी शून्यावर येतो. म्हणून ज्यांच्याकडे साधा बटणांचा मोबाइल आहे किंवा तोही नाही, त्यांनी दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारावा, की याची वेळ यावरच्याच बटणाने लावता येते का. ‘फोनशिवाय चालते’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

मग उरतो तो खिशात ठेवायचा किंवा कमरेला अडकवायचा साधा पेडोमीटर, म्हणजे फक्त पावले मोजणारे छोटे यंत्र. त्यात दोन जाती आहेत. जुन्या धाटणीच्या यंत्रात स्प्रिंगला टांगलेली एक बारीक दांडी असते. प्रत्येक पावलाला कंबर वर-खाली होते, दांडी हलते आणि एक पाऊल नोंदवले जाते. हे यंत्र सरळ उभे राहिले तरच नीट मोजते. पोट सुटलेल्या माणसाच्या पट्ट्याला ते अडकवले की पुढे कलते आणि पावले गाळते. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावरून एस. टी.ने प्रवास केला, तर बसल्या जागी चालल्याचे पुण्य पदरात टाकते! दुसऱ्या जातीत तिन्ही दिशांची हालचाल ओळखणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतो. वेष्टनावर ‘३डी’ किंवा ‘ट्राय-ॲक्सिस’ असे लिहिलेले आढळते. हे यंत्र आडवे, उभे, तिरके कसेही राहिले तरी चालते, आणि माझ्या मते आपल्याकडच्या माणसाने हेच घ्यावे. कारण आपला पोशाख.

ही यंत्रे पँटचा पट्टा डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली आहेत. धोतर, पायजमा किंवा साडी नेसणाऱ्याने ती कुठे अडकवायची, हे माहितीपत्रकात कोणी लिहीत नाही. परकराच्या नाडीला क्लिप लावता येते, पण त्यावर निऱ्या आल्या की आकडा पाहायला दर वेळी आडोसा शोधावा लागतो, शिवाय नाडी सोडताना यंत्र फरशीवर पडते. सेन्सरचे यंत्र दोरीने गळ्यात घालून ब्लाउजच्या आत सोडता येते किंवा सदऱ्याच्या, बंडीच्या खिशात ठेवता येते. फक्त ते अंगाला लागून राहिले पाहिजे. हातातल्या झुलत्या पिशवीत टाकलेल्या यंत्राचा भरवसा नाही. मनगटावरच्या यंत्राची अडचण वेगळी आहे. काठीवर किंवा ढकलगाडीवर हात स्थिर असला, तर पाय चालत असूनही ते गप्प बसते, आणि भजनात टाळ वाजवताना मात्र मोजू लागते.

यंत्र घेण्यापूर्वी किंवा घेतल्या दिवशीच त्याची परीक्षा करावी. जपानमधील औद्योगिक मानकानुसार शंभर पावलांत तीनपेक्षा अधिक चूक चालत नाही. ज्याने ते वापरायचे आहे त्यानेच, आपल्या नेहमीच्या चालीने, मनात मोजत शंभर पावले चालावे. मुलाने दुकानात तरातरा चालून दाखवू नये, कारण सगळी गोम चालीतच असते. ताशी तीन किलोमीटरच्या खाली वेग आला किंवा पाय घासत चालण्याची सवय असली, की पुष्कळ यंत्रे पावले गाळू लागतात. अनेक यंत्रे चालण्याचे पहिले काही सेकंद आकडा दाखवत नाहीत. चालणे सुरू राहिले तरच मागची पावले मिळवून घेतात. त्यामुळे दुकानाच्या फळीसमोर पाच-सहा पावले टाकून ‘हे बिघडलेले आहे’ असा निकाल देऊ नये. याचाच दुसरा परिणाम असा, की ओट्यापासून जेवणाच्या टेबलापर्यंत दिवसभर होणाऱ्या बाईच्या खेपांपैकी बऱ्याच यंत्राच्या हिशेबात येतच नाहीत. तेव्हा त्या आकड्यावरून घरात कोण जास्त चालते, याचा वाद घालू नये.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. अंक मोठे आणि काळे असावेत, चष्म्याशिवाय वाचता यावेत. बटणे कमी असावीत आणि आकडा पुसणारे बटण चुकून दाबले जाणार नाही अशा जागी असावे. निदान सात दिवसांची नोंद यंत्रातच राहावी. कॅलरींचा आकडा अंदाजाचा असतो. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. सेल बहुधा सीआर-२०३२ जातीचा, चपट्या नाण्यासारखा असतो आणि तो कित्येक महिने पुरतो, पण त्याचे झाकण स्क्रूचे असावे याचा आग्रह धरा. घरात लहान नातवंडे असतील तर काढलेला सेल उघड्यावर ठेवू नका, कारण असा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते.

आता दहा हजार पावलांविषयी. हा आकडा कोणत्याही वैद्यकीय संशोधनाअंती ठरला नव्हता. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानच्या यामासा कंपनीने ‘मान्पो-केई’ नावाचा पेडोमीटर विकायला आणला आणि त्या नावातच दहा हजारांचा आकडा होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे सोळा हजार सातशे अमेरिकी स्त्रियांच्या अभ्यासात, रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले, आणि साधारण ७,५०० पावलांपुढे हा फरक वाढत गेला नाही. केवळ चालण्यामुळेच तसे झाले, असे अशा पाहणीवरून सिद्ध होत नाही. तरीही साडेतीन हजारांवर थांबलेल्या माणसाने दहा हजारांच्या धास्तीने यंत्र काढून ठेवण्याचे कारण नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते. पहिला आठवडा नेहमीसारखेच चालावे, आकडे कॅलेंडरच्या चौकटीत लिहावेत, आणि मग आपल्या डॉक्टरांना विचारून त्यात पाचशे-पाचशेची भर घालावी.

वॉकर घेऊन अगदी हळू चालणाऱ्यांना मात्र यांपैकी कोणतेही यंत्र घ्या असे मी सांगणार नाही. त्यांच्यासाठी बोटात घालायचे, जप मोजायचे काउंटर पुरे आहे. ते पावले ओळखत नाही, बटण दाबले तरच पुढे सरकते, आणि स्टेप काउंटर समजून ते घेणारे लोक म्हणूनच फसतात. पण सोसायटीच्या आवारातली एक फेरी संपली की एकदा बटण दाबायचे, हे त्यावर उत्तम जमते. एका फेरीत किती पावले होतात, ती घरातल्या कोणीतरी सोबत चालून एकदाच मोजून कागदावर लिहून ठेवावीत.