वीस मीटरांचं अंतर

श्रोतेहो, नमस्कार.

संस्कृतात 'मृग्' धातूचा अर्थ शोधणं असा आहे. मृगया हा शिकारीसाठीचा शब्द त्याच्याच कुळातला. मारण्याच्या आधी शोधणं. साध्या लाकडी धनुष्यानं हरणामागे जाणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

इशी हा कॅलिफोर्नियातल्या 'याही' नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस. १९११ च्या ऑगस्टमध्ये तो एकटा, उपाशी, ओरोव्हिल गावाजवळ येऊन पोचला. 'इशी' म्हणजे त्याच्या भाषेत नुसता 'माणूस'. खरं नाव त्यानं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत सॅक्स्टन पोप या शल्यचिकित्सकाशी त्याची मैत्री जमली. पोपनं त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून घेतली आणि जे पाहिलं ते बारकाईनं लिहून ठेवलं. त्याचे उपकारच म्हणायचे, नाहीतर ही विद्या इशीबरोबर १९१६ साली संपली असती.

इशीचं धनुष्य जुनिपरच्या लाकडाचं. धनुष्याच्या पाठीवर, म्हणजे बाहेरच्या अंगाला, हरणाच्या पायांतल्या चिवट तंतूंचा थर, सरसानं चिकटवलेला. ओढायला लागणारा जोर साधारण वीस किलोचा, म्हणजे फार नाही. त्यामुळे सगळी भिस्त जवळ जाण्यावर.

म्हणून शिकारीची तयारी आदल्या दिवशीच सुरू होई. मासे खायचे नाहीत, तंबाखू ओढायची नाही. पहाटे ओढ्यात आंघोळ, मग अंगाला सुवासिक पाला चोळायचा, चूळ भरायची, पाणी प्यायचं आणि उपाशीपोटी निघायचं. अंगावर कपडे जवळजवळ नाहीतच, पायही उघडे. कपडे झुडपांत फार आवाज करतात, असं तो म्हणे. हरणाला दिसण्याच्या कितीतरी आधी माणसाचा वास लागतो, म्हणून चालायचं ते वाऱ्याच्या तोंडाला तोंड देऊन. आणि झाडाच्या पानाची घडी ओठांत धरून तो पाडसाची हाक काढी, ती ऐकून हरणी आपणहून जवळ येई.

आता नेमाचं बघा. हरीण वीस मीटरांवर उभं आहे. अशा धनुष्याचा बाण सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास जातो, म्हणजे पोचायला चार दशांश सेकंद. दोरीचा टणत्कार मात्र सेकंदाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शात हरणाच्या कानी पोचतो. बिचकलेलं हरीण उडी घ्यायला आधी पाय दुमडून खाली दबतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. म्हणून जाणते शिकारी दोरीला लोकरीचे गोंडे बांधून तिचा आवाज दाबतात. आणि सावध झालेल्या, कान टवकारलेल्या हरणावर बाण सोडतच नाहीत. न सोडलेला बाण हीसुद्धा शिकारच आहे, असं मला मनापासून वाटतं.

बाण लागला तरी हरीण जागच्या जागी कोसळत नाही. धारदार पातं रक्तस्रावानं मारतं, धक्क्यानं नाही. या वेळी धावत सुटायचं नसतं. हरीण कुठल्या झुडपाआड दिसेनासं झालं ते मनात पक्कं करायचं आणि निदान अर्धा तास बसून राहायचं. मग माग काढायचा. पानावरचा थेंब गुलाबी, फेसाळ असेल तर बाण फुप्फुसात लागलाय, हरीण जवळच सापडेल. गडद, काळपट असेल तर यकृतात, अजून थांबा. हिरवट घाण मिसळलेली असेल तर बाण पोटात गेलाय, आणि मग कित्येक तास मागे जायचं नाही. घाई केली की जखमी जनावर उठून पळतं आणि कुठेतरी लांब, एकटं, हाल होऊन मरतं. याहून वाईट काही नाही.

माग संपतो तिथे हरीण आडवं पडलेलं असतं. शिकारी पाठीच्या बाजूनं, सावकाश जातो. लांब काडीनं उघड्या डोळ्याला हलकेच स्पर्श करतो. पापणी मिटली नाही, की मगच धनुष्य खाली ठेवतो.