प्रभावतीगुप्त : नंदिवर्धनहून राज्य चालवणारी वाकाटक राणी

नागपूरजवळ रामटेक सगळ्यांना माहितीये, पण तिथून थोड्याच अंतरावरचं नगरधन फार कमी लोक बघतात. सोळाशे वर्षांपूर्वी हेच नंदिवर्धन होतं, वाकाटकांची राजधानी. इथल्या उत्खननात मातीची एक मुद्रा मिळाली, बोटांच्या चिमटीत मावेल एवढी, तिच्यावर शंख कोरलाय आणि ब्राह्मी लिपीत राणीचं नाव आहे. प्रभावतीगुप्त. शंख का, तर ती पक्की विष्णुभक्त. वाकाटकांच्या घरात शिवभक्ती जास्त, पण हिने माहेरचा देव काही सोडला नाही.

आणि माहेर म्हणजे साधंसुधं नाही हो, थेट गुप्त साम्राज्य! समुद्रगुप्त आजोबा, दुसरा चंद्रगुप्त वडील, आई कुबेरनागा नाग घराण्यातली. चंद्रगुप्ताला गुजरात-माळव्यातल्या क्षत्रपांशी, म्हणजे तिथल्या शक राजांशी, लढायचं होतं, तेव्हा दक्षिणेकडचे वाकाटक आपल्या बाजूला असणं त्याच्यासाठी गरजेचं होतं, म्हणून लेक दिली दुसऱ्या रुद्रसेनाला. तो मात्र राज्यावर आल्यावर थोड्याच वर्षांत वारला. मुलं लहान, आणि सगळा कारभार प्रभावतीवर आला.

आता तिचा पुणे ताम्रपट बघा, कारण ती स्वतःला कोण समजत होती ते त्यात कळतं. तेराव्या वर्षातला आहे, म्हणजे तेव्हा मुलाच्या नावाने राज्य चालवत तिला बारा वर्षं तरी झाली होती. या ताम्रपटाच्या मुद्रेवर लिहिलंय, ‘जनन्या युवराजस्य शासनं रिपुशासनम्’, युवराजाच्या आईची ही आज्ञा, शत्रूंवरही चालणारी आज्ञा. पण आतला मजकूर सुरू होतो तो सासरच्या वंशावळीने नाही, गुप्तांच्या! घटोत्कचापासून वडिलांपर्यंत एकेक नाव, गोत्रसुद्धा माहेरचं, धारण. नवऱ्याची अग्रमहिषी, म्हणजे पट्टराणी, आणि युवराज दिवाकरसेनाची आई ही ओळख त्यानंतर येते. आपल्याकडे हिला ‘चंद्रगुप्ताची मुलगी’ म्हणून एका ओळीत उरकतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण माहेरचं नाव मिरवत का होईना, विदर्भातला कारभार रोजच्या रोज हीच बघत होती.

दिवाकरसेन राजा झालाच नाही. पुढे दामोदरसेन आणि दुसरा प्रवरसेन ही तिची मुलं गादीवर आली, आणि तरी बाई मागे सरल्या नाहीत. प्रवरसेनाच्या राज्याच्या १९व्या वर्षी तिने आणखी एक ताम्रपट दिला, तो सापडला अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, हो, महानुभावांचं तेच रिद्धपूर. आज्ञा सुटलीये रामगिरीस्वामींच्या, म्हणजे रामगिरीवरच्या देवाच्या पायांपाशी, आजच्या रामटेकवरून. मुलगा महाराज असताना ती स्वतःच्या नावाने अश्वत्थनगर गावातलं शेत, तिथलं घर आणि राबणाऱ्या शेतकऱ्यांची चार घरं ब्राह्मणांना दान देते.