तिच्या हातांचं फळ तिला द्या

नमस्कार श्रोतेहो. ख्रिस्ती भगिनींना आणि बांधवांना जय ख्रिस्त.

आजचं बोलणं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ या पट्ट्यातल्या ख्रिस्ती बायकांविषयी आहे. पण ज्यांच्या घरात कुणी बाई शिवते, रांधते, गाते, लिहिते, त्या सगळ्यांनी ऐकावं अशी माझी विनंती आहे. अगदी तिच्या नवऱ्यानं आणि मुलांनीसुद्धा.

चर्चमधल्या भगिनी मंडळाच्या सभेत प्रार्थनेचे विषय चिठ्ठीवर लिहून मागितले, की हल्ली एक विषय वरचेवर येतो. मुलं पुण्याला, बेंगळुरूला गेली, सासूसासऱ्यांचं करून झालं, घर सुनेच्या हातात गेलं. आता देवानं मला कशासाठी ठेवलंय ते कळू दे. तरुण मुलींच्या चिठ्ठीत तोच प्रश्न दुसऱ्या अंगानं असतो. डिग्री झाली, नोकरी लागेना, घरी स्थळं बघताहेत, माझं पाचारण कोणतं, म्हणजे देवानं मला कोणत्या कामाला बोलावलंय? या बायांना आपण ठरलेलं उत्तर देतो. प्रार्थना कर, शब्बाथ शाळेत शिकव, मंडळीच्या सेवेला लाग. उत्तर खरं आहे, पण त्यानं त्या बाईचं समाधान होत नाही हे मी तिच्या चेहऱ्यावर बघते. मला वाटतं, तिनं आधी स्वतःच्या हातांकडे बघावं. जे काम तिला मनापासून आणि चांगलं येतं ते देवानंच तिच्या हातात घातलंय. ते काम नीट करणं ही उपासना आहे, आणि त्याचं मोल देणं हे मंडळीचं आणि घरच्यांचं कर्तव्य आहे.

हे मी पदरचं सांगत नाही. बायबलमधल्या निर्गमाचा पस्तिसावा अध्याय काढा. रानात निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, उभारायचाय. मोशे लोकांकडून सोनं, रुपं, कातडी मागतोय. त्या मोठ्या धामधुमीत शास्त्र मुद्दाम थांबतं आणि नोंद करतं, की ज्या बायका कातण्यात कुशल होत्या त्यांनी आपल्या हातांनी निळं, जांभळं, किरमिजी सूत कातून आणलं, आणि काहींनी बकऱ्यांचे केस कातले. देवाच्या वस्तीसाठी लागणारं कापड त्या बायकांच्या चातीवरून आलं. त्याच अध्यायात बसालेल नावाच्या कारागिराला देवानं आपल्या आत्म्यानं भरलं असं सांगितलंय, आणि ते कशासाठी? सोन्यारुप्यात, लाकडात, दगडात कारागिरी करण्यासाठी. प्रवचन देणाऱ्यावर आत्मा उतरतो हे आपण सहज मानतो. कारागिराच्या बोटांवरही तो उतरतो, हे शास्त्रात इतकं उघड लिहिलेलं असून आपण ते वाचून पुढे जातो.

नव्या करारातल्या बायका बघा. यापो शहरातली टबीथा, जिला दुर्कस म्हणत, ती वारली तेव्हा विधवा बाया रडत येशूच्या शिष्यासमोर, पेत्रासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी काय दाखवलं? तिनं शिवलेले अंगरखे आणि कपडे. तिच्या तोंडचा एक शब्दही शास्त्रात लिहिलेला नाही. तिची शिलाईच तिची साक्ष ठरली. फिलिप्पैची लुदिया तर व्यापारीण होती, जांभळ्या वस्त्रांचा धंदा करणारी. बेळगावातल्या शहापूर, वडगावच्या विणकर वस्तीतल्या लोकांना अशी बाई लगेच ओळखू येईल, कापडाचा पोत बोटांनी बघून भाव सांगणारी. नदीकाठी बायकांबरोबर प्रार्थनेला बसलेली असताना प्रेषित पौलाचं बोलणं तिच्या मनाला भिडलं, आणि मग तिनं स्वतःचं घर प्रेषितांसाठी उघडलं. धंदा सोडून दे असं पौलानं तिला सांगितल्याचं कुठं लिहिलेलं नाही. प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विला तंबू करण्याचा धंदा करत, पौल त्यांच्याकडेच राहून तेच काम करी. शास्त्रात काही ठिकाणी तर प्रिस्किल्लेचं नाव नवऱ्याच्या आधी येतं.

आता आपल्या जवळचं एक काम सांगते. खानापूरच्या पलीकडे, हल्याळ आणि यल्लापूरच्या रानात सिद्दी लोक राहतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणले गेले आणि तिथून निसटून घाटावर आले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, कॅथलिक आहेत. सगळ्यांच्याच बायका जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात. आपण तिला वाकळ म्हणतो, कन्नड बोलणाऱ्या शेजारणी कौदी म्हणतात. सिद्दी बाई एका कोपऱ्यापासून सुरुवात करते. फाटक्या साडीचे, मुलांच्या झग्यांचे तुकडे एकेक करून दुमडून ठेवत ती काठाकाठानं फिरते, धावदोरा घालत घालत आत आत येते आणि मधोमध येऊन थांबते. आधी रेखाटन नाही, माप नाही. कुठल्या लालाशेजारी कुठला पिवळा, हे तिथल्या तिथं डोळ्यांनी ठरतं. शेवटी चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या चिंध्यांची फुलं बसवतात. ती नसतील तर कवंदी उघडी वाटते असं त्या मानतात. कॅथलिक बाईच्या कवंदीत पुष्कळदा क्रूस शिवलेला असतो. नातवाला पांघरायला म्हणून केलेली ही कवंदी आता परदेशातल्या संग्रहालयांत टांगलेली आहे. त्या बाईला कुणी पाचारणाविषयी विचारलं नसेल. पण तिच्या टाक्यांत श्रद्धाही आहे, कष्टही आहेत आणि कलाही, आणि यातला कुठला टाका कशाचा हे तिलाही वेगळं काढून दाखवता येणार नाही.

यावर सगळे माना डोलावतील. अवघड गोष्ट पुढे आहे. ती म्हणजे पैशाची.

आपल्या मंडळ्यांमध्ये शिवणकाम करणाऱ्या बाया पुष्कळ आहेत. नाताळच्या आधीचे पंधरा दिवस त्यांच्या घरी जाऊन बघा. मशीनवर फ्रॉकची लेस, शेजारी पिको-फॉलच्या साड्यांचा ढीग, खाली गायनमंडळाचे झगे, नवरीची पांढरी साडी दारामागं अडकवलेली. रात्री दोन वाजेपर्यंत पाय चालू असतो. आणि कपडे न्यायला येणारी बाई म्हणते, आपल्याच मंडळीतली ना तू, जानेवारीत देते. किंवा म्हणते, झग्यांचे कसले पैसे, ते देवाचं काम. मग त्या बाईनं दोरा, अस्तर आणि विजेचं बिल कुठून भरायचं? देवाचं काम म्हणून बाईकडून फुकट घ्यायचं आणि मांडववाल्याला, लाऊडस्पीकरवाल्याला रोख मोजायचं, हे मला बरोबर वाटत नाही. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातली सद्गुणी स्त्री आपण लग्नात हटकून वाचतो. ती लोकर आणि ताग शोधते, शेत पाहून विकत घेते, आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते, कापड करून व्यापाऱ्यांना विकते. आणि अध्यायाचं शेवटचं वचन काय आहे? तिच्या हातांचं फळ तिला द्या, आणि तिची कामंच वेशीवर तिची प्रशंसा करोत. हे वाचून आपण आमेन म्हणतो. मग शिलाई त्याच दिवशी द्यायला नको का? जिला स्वखुशीनं दान म्हणून शिवायचंय तिनं जरूर शिवावं. पण ते तिनं ठरवायचं.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. हाताला मिळालेलं प्रत्येक काम देवाचंच, असं मी म्हणणार नाही. निपाणीच्या बाजूला हजारो बायकांनी तंबाखूच्या वखारीत आणि घरी विड्या वळून संसार चालवले. हजार विड्यांच्या मापानं मजुरी, मांडीवर सूप, नाकातोंडात भुकटी. ऐंशीच्या दशकात त्याच बाया संघटित होऊन मजुरीसाठी भांडल्या, त्यांच्या धैर्याला माझा प्रणाम. त्यांच्यातल्या कुणी विचारलं, की माझ्या या कामात देव आहे का, तर मी म्हणेन, लेकरांना वाढवणाऱ्या तुझ्या कष्टात तो नक्की आहे. पण ज्या धुळीनं तुझी छाती भरते, त्या धुळीला पवित्र म्हणायला माझी जीभ वळत नाही. अशा बाईला दुसरं कसब शिकवणं, हे भगिनी मंडळाचं पहिलं काम असायला हवं.

तसं करून दाखवलेली बाई आपल्याच मातीतली होती. पंडिता रमाबाईंचा जन्म कर्नाटकातला, १८५८ सालचा, गंगामूळच्या रानातला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणल्या, विधवा आणल्या. आणि नुसती भाकरी देऊन थांबल्या नाहीत. विणकाम, दुभती जनावरं, तेलाचा घाणा, शेती, छापखाना, सगळं बायांच्या हाती दिलं. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र साध्या, अडाणी बाईलाही कळेल अशा मराठीत आणलं. १९२२ साली त्या वारल्या, त्याआधी काम पुरं झालं होतं. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. त्याचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, मुक्तीतल्या बायांनी जुळवले. एके काळी ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं अशा कितीतरी जणी त्यांच्यात होत्या. उलटं अक्षर, उलटी ओळ, चिमट्यात धरून एकेक खिळा पेटीतून उचलायचा आणि वचन उभं करायचं. भक्ती, रोजगार आणि कला एकत्र कशी नांदतात हे मला कुणी विचारलं, तर मी त्या छापखान्याकडे बोट दाखवते.

आणि ज्यांना वाटतं आता वय झालं, त्यांच्यासाठी लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८. लिहायवाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. १९१९ साली त्यांचे पती रेव्हरंड टिळक गेले तेव्हा टिळकांचं ख्रिस्तायन हे येशूच्या चरित्राचं काव्य अर्धवट राहिलं होतं. लक्ष्मीबाईंनी पन्नाशी ओलांडल्यावर ते हाती घेतलं आणि त्यातला फार मोठा भाग लिहिला. स्मृतिचित्रे या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली आला, तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. घरातलं बोलणं, भांडणं, सोवळं, उपास, सगळं त्यांनी जसंच्या तसं, हसतखेळत लिहिलं. साठीनंतर माझं काय राहिलंय म्हणणाऱ्या मावशींनी तो ग्रंथ वाचनालयातून आणावा, दुपारी पाच पानं वाचावीत. डोळ्यांना दिसत नसेल तर नातीकडून वाचून घ्यावीत, म्हणजे नातीचंही मराठी सुधारेल.

बेळगावचाही यात मान आहे. बाबा पदमनजी याच गावात १८३१ साली जन्मले, इथल्या मिशनच्या शाळेत शिकले, १८५४ साली इथंच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८५७ सालची त्यांची यमुनापर्यटन ही मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते, आणि तिचा विषय होता विधवांचं दुःख. आपल्या गावच्या ख्रिस्ती माणसानं बायकांची दुःखं लिहिली. आता बायकांनी स्वतःचं लिहावं.

लिहायचं कुठल्या भाषेत, हा प्रश्न आपल्याकडे लगेच येतो. घरी मराठी, शाळेत कन्नड, खानापूरकडच्या कॅथलिक घरांत कोकणी, फॉर्म भरायचा तर इंग्रजी. मोठी माणसं यावरून वर्षानुवर्षं वाद घालतात. बाई मात्र एका दमात अक्काशी कन्नड आणि मावशीशी मराठी बोलते, आणि आजारी माणसाच्या उशाशी ज्याची जी भाषा तिच्यात प्रार्थना करते. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलला आपल्या भागातल्या किती मुली नर्सिंग शिकायला गेल्या, तिथं दोन्ही राज्यांचे रुग्ण येत, आणि दुखतंय कुठं हे विचारायला त्या मुलींना दुभाषा लागत नसे. आमच्या मंडळीतल्या एक मावशी मसाल्याच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानापासून अभंग लिहितात. पुढून मिरची, धणे, खोबऱ्याचे भाव आणि मागून येशूचे अभंग. अधूनमधून कन्नड शब्दही येतो, कारण त्यांच्या मनात तो तसाच आला. त्यांचा एक अभंग प्रार्थनासभेत चाल लावून गायला गेला तेव्हा त्यांनी पदरानं तोंड झाकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी नवी वही विकत आणली. मसाल्याची वेगळी, अभंगांची वेगळी.

म्हणून भगिनींनो, काही करण्याजोग्या गोष्टी सांगते. ११ जून २०२३ पासून कर्नाटक राज्याच्या आतल्या साध्या सरकारी बसला आपल्याला, म्हणजे बायकांना, तिकीट लागत नाही. त्या प्रवासाचा उपयोग शिकण्यासाठी करा. खानापूरची बाई बेळगावला येऊन शिवणाचा एखादा नवा प्रकार शिकू शकते, बेळगावची मुलगी खेड्यात जाऊन वाकळ शिकू शकते. स्त्रीशक्तीच्या बचत गटात बचतीबरोबर कामाचाही हिशोब ठेवा. किती तास गेले, माल किती लागला, भाव काय लावला. भाव सांगताना मान खाली घालू नका.

पाळकसाहेबांना आणि पंचांना माझी एक मागणी आहे. येत्या पिकाच्या सणाला मंडळीत आलेल्या वस्तूंचा लिलाव होईल तेव्हा वस्तू उचलून नुसतं अमक्याच्या घरून आलेली करंजी, तमक्याच्या घरची वाकळ असं म्हणू नका. जिनं केली तिचं नाव घ्या, पूर्ण नाव, तिच्या स्वतःच्या नावासकट. यादी आधीच करून ठेवा, म्हणजे ऐनवेळी आठवत नाही असं होणार नाही. आणि गायनमंडळाच्या झग्यांची मागची शिलाई कुणाची राहिली असेल, तर ती या रविवारी द्या.

जय ख्रिस्त. नमस्कार.