'फेअरी डान्स': 'पारंपरिक' म्हणून छापली जाणारी रील आणि तिचा गज

[स्क्रीनवर: फेअरी डान्स, डी मेजर]

फिडलच्या (म्हणजे व्हायोलिनच्या) पुस्तकांत 'फेअरी डान्स' या रीलखाली, म्हणजे जलद स्कॉटिश नाचाच्या चालीखाली, बहुतेक वेळा 'पारंपरिक' एवढंच छापलेलं असतं. पण हिचा कर्ता माहीत आहे आणि सालही: नथॅनिएल गाऊ, १८०२. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर फाइफ नावाचा परगणा आहे. तिथल्या 'फाइफ हंट' या शिकारी मंडळींच्या क्लबच्या बॉलसाठी, म्हणजे नाचाच्या समारंभासाठी, गाऊंनी ही चाल बांधली. पूर्ण नाव 'लार्गोज फेअरी डान्स'. लार्गो हे फाइफमधलंच ठिकाण.

नथॅनिएलचे वडील नील गाऊ डंकेल्डजवळच्या इनव्हरचे, स्वतः नावाजलेले फिडलर. मुलगा एडिनबरोला गेला, तिथे बँड चालवला आणि १७९६ मध्ये विल्यम शेफर्डबरोबर संगीत छापून विकायला लागला. बॉलमध्ये गाजलेली चाल दुकानात खपायची: वर फिडल, खाली चेलो किंवा हार्प्सिकॉर्डसाठी बास (खालच्या सुरांची साथ). तेव्हा ही रील धंदेवाईक संगीत होतं, खेड्यातल्या चुलीपाशी आपोआप उगवलेलं नव्हे. गाऊंच्या संग्रहांत विल्यम मार्शल या स्कॉटिश फिडलरच्या काही चाली नावं बदलून छापल्या गेल्या, हेही सांगायला हवं. दुसऱ्याचं श्रेय ढापलं, आणि पुढे स्वतःचंही गेलं! चाल कानोकानी अमेरिकेत पोचली, 'ओल्ड मॉली हेअर' झाली, तिच्यावर शब्दही बसले. गाऊंचं नाव मात्र मागेच राहिलं.

[फिडल हातात]

आता वाजवूया. रीलची मोजणी सोपी आहे: एका बारमध्ये (मोजणीच्या एका मापात) आठ छोटे स्वर, ठोके दोनच, पहिल्या आणि पाचव्या स्वरावर. केरवा ऐकलेल्या कानाला हे लगेच बसतं. आठ बारचा पहिला भाग दोनदा, आठ बारचा दुसरा दोनदा, एकूण ३२ बार.

हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन लावत असाल, तर आधी तारा जी-डी-ए-ई लावून घ्या. डी हा सा धरला, तर जाड तारेकडून म, सा, प, रे. सुरुवात आहे 'ग – ग सा, ग – ग सा'. यातला ग ई तारेवर पहिल्या बोटाने, सा ए तारेवर तिसऱ्या बोटाने. पहिलं बोट मागे सरकलं की गंधार कोमल होतो आणि चालीचा सगळा खेळकरपणा जातो. सा तपासायला मोकळी डी तार ऐका. तिसरं बोट नेमकं पडलं, तर ती न छेडताही घुमते.

खरी अडचण गजाची. लांब ग, छोटा ग, छोटा सा: स्वर तीन. प्रत्येकाला वेगळा गज दिला, तर पहिला गट डाउनने (गज खाली ओढून) सुरू होतो, दुसरा अपने (वर ढकलून). अप कच्चा असेल तर ठोका एकाआड एक पडतो आणि रील लंगडते. उपाय दोन. एक, दोन्ही छोटे स्वर एकाच अपमध्ये घ्या, म्हणजे प्रत्येक गट डाउनवर येतो. दोन, गज वेगळेच ठेवा आणि अपवर मुद्दाम जोर द्या. पहिला लवकर जमतो, पण स्कॉटिश झणका दुसऱ्यातच आहे. वेळ लागला तरी तोच शिका.

[क्लोज-अप: उजवं मनगट]

तार बदलताना अख्खा हात वरखाली करू नका, वेग वाढला की तो मागे पडतो. काम मनगटाचं. गजाचा मधलाच भाग वापरा, लांब स्वराला वीतभर पुरे, छोट्यांना दोन-तीन बोटं. आणि ग ते सा मींड नको. आपल्याकडच्या वादकांचं बोट सवयीने घसरतं. इथे प्रत्येक स्वर सुटा हवा.

दुसरा भाग वरच्या पंचमावरून, ई तारेवर तिसऱ्या बोटाने सुरू होतो. तिथे उत्साहात लय पळते, म्हणून सराव याच भागापासून करा. मेट्रोनोम ६० वर ठेवा, एका बारला दोन टिकटिक. सगळे स्वर सारखे ऐकू आले की चार-चारने वाढवा. नाचासाठी ११० च्या आसपास लागते. त्या वेगाने ३२ बार साधारण ३५ सेकंदांत संपतात, आणि स्कॉटिश कंट्री डान्सला सहसा अशा आठ फेऱ्या असतात. एकच चाल आठदा वाजवली, तर वादक आणि नाचणारे दोघंही कंटाळतात. त्यामुळे बँड मध्ये दोन-तीन वेगळ्या रीली घालतो आणि शेवटच्या फेरीला मूळ चालीवर परततो. तुम्हीही डी किंवा ए मेजरमधली आणखी एक रील जोडीला तयार ठेवा.