खंडेनवमीला रंग मारताना मशीनची प्लेट सोडा! हत्यारांची यादी, विम्यासाठी आणि घरच्यांसाठी

नमस्कार मंडळी. खंडेनवमीच्या व्हिडिओत मागे टेबलावर माझी एक वही दिसली होती, तेव्हापासून रोज कोणीतरी विचारतंय, दादा त्या वहीत काय लिहिलंय. दुकानातल्या हत्यारांची यादी आहे ती. आज तेच सांगतो.

बेसिक पटकन उरकतो. प्रत्येक वस्तूचा फोटो, नाव, कधी घेतली, कितीला घेतली, आज नवीन घ्यायला किती लागतील, बिल असेल तर बिलाचाही फोटो. वही घरी ठेवा, दुकानात नाही, आणि फोटो मुंबईला भावाला नाहीतर मुलीला पाठवून ठेवा. खंडेनवमीला सगळं धुऊनपुसून एका सतरंजीवर मांडलेलंच असतं, हळदकुंकू लावायच्या आधी दहा मिनिटं फोटो काढा, झालं काम.

आता मला जे खरं बोलायचंय ते. प्लेट. मशीनवर जी छोटी पत्र्याची पट्टी असते ना, मॉडेल आणि सिरियल नंबरवाली, तिचा जवळून फोटो पाहिजे. आणि आपल्याकडे काय करतात, खाऱ्या हवेने गंज चढतो म्हणून खंडेनवमीच्या आधी ऑइलपेंटचा डबा उघडतात आणि मशीनबरोबर प्लेटवरूनही ब्रश फिरवतात. अरे प्लेट सोडा! चिकटपट्टी लावा तिच्यावर आणि मग रंगवा ना.

आमचं सांगतो. २२ जुलै २०२१, चिपळूणचा पूर. बाबांचं दुकान माळ्यापर्यंत पाण्यात, बिलांची फाइल लोखंडी कपाटात होती तिचा लगदा झाला. नुकसान बघायला विम्याचे सर्व्हेअर आले, माणूस चांगला होता, पण आमच्या कागदावर फक्त "प्लेनर १, ड्रिल २" एवढंच. त्यांनी विचारलं कुठलं मॉडेल, तर प्लेटवर हिरवा रंग. बाबांनी घाईघाईत पॉलिशपेपर मारला आणि रंगाबरोबर नंबरही गेला. शेवटी त्यातल्या त्यात लहान मशीनची किंमत धरली गेली. चूक आमची होती, ती तुमची होऊ नये म्हणून हे बोलतोय.

दुसरं, घरच्यांचं. आमचे एक काका टर्नर होते, पंजाबातल्या बटाल्याची जुनी लेथ, म्हणजे लोखंड कातायची मशीन, होती त्यांची. काका गेले, मुलं ठाण्याला, गणपतीला आली तेव्हा दुकान रिकामं करायचं ठरलं आणि लेथ भंगारवाल्याने किलोवर नेली. मुलांची काय चूक? त्यांना ती लोखंडाचा ढीगच दिसली, प्लेटवर पाच थर रंग, कुठली, किती फुटी, काही कळायला मार्गच नव्हता. वहीत चार ओळी असत्या, कंपनी, नंबर, आणि विकायची झाली तर अमुक माणसाला आधी फोन करा, तर ती चालू मशीन म्हणून कोणाच्या तरी दुकानात गेली असती. मला आजही वाईट वाटतं त्याचं.

तिसरं, चोरी. "एक ग्राइंडर गेला" म्हणून तक्रार दिली तर पोलीस तरी कसा ओळखणार तो तुमचा? नंबर असेल तर सापडलेली वस्तू तुमची म्हणून दाखवता येते. तीन वेगळे प्रसंग, पण अडतं त्याच प्लेटपाशी.

एकांनी लिहिलंय, वाकस, पटाशी, रंध्याला कुठे असतो नंबर? नसतो, बरोबर आहे. लोखंडावर आपल्या नावाची अक्षरं पंचने ठोका, लाकडी रंध्यावर तापल्या लोखंडाने डाग द्या. आणि शेजारी लिहा हे कशासाठी वापरतात, कारण सामता, म्हणजे भोक पाडायचं जुनं हत्यार, हातात घेतला तरी पुढच्या पिढीला कळणार नाही ते काय आहे. उसनं आणलेलं असेल तर तेही लिहा, म्हणजे मागून भांडण नको.

एका ताईंनी लिहिलं, अशी यादी केली की मरणाची आठवण होते, ह्यांना सांगायचं कसं. ताई, विम्यासाठी करा म्हणून सांगा, दोन्ही कामं होतात. पण ही यादी म्हणजे मृत्युपत्र नाही हां. ते साध्या कागदावर चालतं, रजिस्टर केलंच पाहिजे असं नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात.

विम्याचं थोडक्यात. धंद्याची हत्यारं घराच्या पॉलिसीत धरून चालू नका. एका जागेवरची इमारत, माल आणि मशीन मिळून किंमत ५ कोटींच्या आत असेल तर १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे, वादळ आणि पूर त्यात येतो, नुसत्या घरफोडीचं वेगळं विचारून घ्या. आणि विम्याचा आकडा कमी लावू नका. ४ लाखांची हत्यारं २ लाख दाखवली आणि १ लाखाचं नुकसान झालं, तर अर्ध्याच किमतीचा विमा म्हणून साधारण ५० हजारच हातात येतात. म्हणून "आज किती लागतील" हा रकाना दरवर्षी नवीन भरायचा.

आता ही बाबांची ड्रिल, पुरातून वाचलेली. रंग आहे, म्हणून कापडाला थिनर लावून हळूहळू पुसतोय, तारेचा ब्रश नाही, पॉलिशपेपर तर नाहीच. कागदी स्टिकर असेल तर थिनरही नको, छपाई जाते. आता अक्षरांवर खडू घासतो, वरचा पुसून घेतो आणि टॉर्च बाजूने, आडवा धरतो. कॅमेरा जरा जवळ घे रे. दिसतंय? सात... चार... हा शून्य आहे की आठ? आठच आहे. थांबा, आधी वहीत लिहून घेतो.